७६७ चा टाइप कोर्स करताय? आधी कंसातलं इंजिन बघा

विमान दुरुस्तीच्या इंजिनिअरचं लायसन्स काढताना मॉड्यूल म्हणजे विषयवार पेपर, पासिंगचे ७५ टक्के, बी१ (मेकॅनिकल) की बी२ (इलेक्ट्रॉनिक्स) हे सगळं तुम्हाला माहीतच आहे, त्यात वेळ घालवत नाही. बोलतोय ते टाइप कोर्सबद्दल, म्हणजे एका ठरावीक विमानाच्या कामावर सही करायची परवानगी, रेटिंग, मिळवायचा कोर्स. ज्या एका गोष्टीत नानांच्या केळीच्या बागेचे पैसे आणि माझी तीन वर्षं गेली तेवढीच नीट सांगतो, कारण रावेर-चोपड्याकडची पोरं अजून फोन करून ७६७ चा कोर्स करू का हेच विचारतात आणि दरवेळी माझ्या पोटात गोळा येतो.

लायसन्स हातात आलं तेव्हा डोक्यात एकच, बोईंग ७६७. १९८२ पासून लाइनवर असलेलं विमान, पॅसेंजरमधून निघालेली कितीतरी ७६७ मोठा दरवाजा बसवून कार्गोत जातात, आखातात त्यावर काम आहे असं ऐकलेलं. एक मित्र पायलट, तो म्हणाला अरे ७५७ आणि ७६७ चं रेटिंग एकच असतं, इंजिन कुठलं का असेना. तो खोटं बोलला नाही. पायलटसाठी ते खरंच आहे, दोन्हीचं कॉकपिट तसंच बनवलंय. पण आपलं लायसन्स वेगळं, भो!

आपल्या लायसन्सवर विमानाच्या नावापुढे कंसात इंजिन लिहिलेलं असतं. ७६७-२०० आणि ३०० जीई सीएफ६ वर आलं, प्रॅट अँड व्हिटनीच्या जेटी९डी वर आलं, पीडब्ल्यू४००० वर आलं, काही रोल्स रॉइस आरबी२११ वर पण आहेत, आणि रेटिंगला प्रत्येकाची एन्ट्री वेगळी. म्हणजे "७६७ चा कोर्स केला" हे वाक्यच अर्धवट आहे. कुठल्या इंजिनावर केला? मी केला पीडब्ल्यू४००० वर, आणि तोही का, तर कन्सल्टंटकडे त्या बॅचला सीट शिल्लक होती म्हणून. दुसरं काहीच कारण नव्हतं.

इंटरव्ह्यूला गेलो, समोरच्या साहेबांनी सर्टिफिकेट फोल्डरमधून बाहेर पण काढलं नाही, प्लास्टिकवरूनच कंसावर बोट ठेवलं आणि म्हणाले, आमची सगळी सीएफ६ आहेत.

मी तिथे वाद घातला. सीएफ६ चा फॅन ९३ इंची, पीडब्ल्यू४००० चा ९४, लांबून बघितलं तर काय फरक आहे? आता कळतं फरक किती आहे. पीडब्ल्यू४००० ला फॅडेक, म्हणजे इंजिन पूर्ण कॉम्प्युटरवर चालवणारी सिस्टीम, असतंच, पण सीएफ६-८०सी२ मध्ये काहींना आहे, काहींना नाही, मॉडेलच्या शेवटी एफ असेल तर फॅडेक. ट्रबलशूटिंगची पूर्ण वाटच बदलते. आणि रिव्हर्सर, म्हणजे उतरल्यावर इंजिनाचा झोत उलटा वळवून विमानाचा वेग कमी करणारा भाग! २६ मे १९९१ ला लाउडा एअरच्या ७६७-३०० चा डावा रिव्हर्सर बँकॉकहून निघाल्यावर हवेतच उघडला, २२३ माणसं गेली. त्यावर पीडब्ल्यू४००० ची इंजिनं होती. त्यानंतर रिव्हर्सरला आणखी एक लॉक आलं. मॅन्युअलमधला रिव्हर्सरचा चॅप्टर ७८ वाचताना मला अजून तो आकडा आठवतो, म्हणून कंसातलं इंजिन मागणारा नियम मला जाचक वाटत नाही.

नानांना घाबरत घाबरत सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, बोअरची मोटार बदलली तर जुना वाइंडिंगवाला चालतो का रे?

दुसरा फास घड्याळाचा. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही अर्ज करायच्या आधीच्या तीन वर्षांतच सुरू होऊन संपलेलं लागतं, आणि पहिल्याच टाइपला ओजेटी, म्हणजे हँगरमध्ये खऱ्या विमानावर देखरेखीखाली केलेलं काम, पण लागतं. ७६७ आपल्याकडे जवळपास नाहीच, मग प्रॅक्टिकल करणार कुठे? कन्सल्टंट "बघू, करून देऊ" म्हणत राहिला आणि माझी थिअरी कागदावरच मेली. प्रॅक्टिकल कुठल्या हँगरला, कुठल्या तारखेला, हे लेखी मिळाल्याशिवाय एक रुपया देऊ नका. व्हॉट्सॅपवर फिरणाऱ्या क्वेश्चन बँकेबद्दल पण तेच म्हणणं आहे, पास व्हाल, पण रात्री दोनला विमानाखाली उभं राहून काहीच आठवणार नाही.

मला शिकवलं ते नाइट शिफ्टच्या एका जुन्या टेक्निशियन काकांनी. काही विचारलं की एकच उत्तर, मॅन्युअल उघड आणि मला वाचून दाखव. असा माणूस भेटला तर त्याला सोडू नका, क्लासवाल्या सरांपेक्षा तो जास्त देतो.

आणि घाबरून जाऊ नका. तीन वर्षं वाया जाऊनही मी आज ७६७ फ्रेटरवर सही करतो, सीएफ६ च्याच, फक्त उशिरा पोचलो. मी परत सुरुवात केली असती तर पहिला टाइप ए३२० किंवा ७३७ घेतला असता, कारण ती विमानं इथे रोज उभी असतात आणि ओजेटी मिळतं. त्यातही ए३२० ला सीएफएम५६ वेगळं, व्ही२५०० वेगळं, निओला परत लीप आणि पीडब्ल्यू११०० वेगळं. म्हणून मला मेसेज कराल तेव्हा इन्स्टिट्यूटचं नाव नको, आधी कंसात काय लिहिलंय ते पाठवा.