जेजुरी ते मोरगाव: ऊसतोडीच्या दिवसांत दोघांनी सायकल कशी चालवावी

देशावर सायकल चालवायला डिसेंबर-जानेवारीसारखे महिने नाहीत. पण याच दिवसांत कारखाने चालू असतात, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, पहाटे नदी-ओढ्याकाठी धुकं साचतं आणि डांबराच्या कडेला बाभळीचे वाळलेले काटे पडलेले असतात. तयारी करायची ती मुख्यतः यांची, थंडीची त्यानंतर.

जेजुरी–मोरगाव एका बाजूने साधारण १७ किलोमीटर, जाऊन-येऊन ३५ धरा. कऱ्हा नदी वाहते त्याच दिशेला मोरगाव, त्यामुळे जाताना एकूण उतार आणि येताना चढ. जाताना पाय हलके वाटले म्हणून वेग वाढवलात तर परतीला, ऊन चढल्यावर, तो भारी पडतो. म्हणून दोघांपैकी जो सावकाश चालवतो त्याच्या परतीच्या वेगावरच वेळ ठरवा. ताशी १५ किलोमीटर धरायला हरकत नाही. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य सातच्या पुढे उगवतो. सव्वासातला निघालात तर दर्शन-नाश्ता धरून अकराच्या सुमारास परत येता. चंपाषष्ठी, पौष पौर्णिमा, सोमवती अमावास्या आणि रविवार हे जेजुरीच्या गर्दीचे दिवस, तर मोरगावला माघी गणेश जयंती आणि संकष्टी. त्या दिवशी हा रस्ता नकोच.

सकाळी पारा दहाच्या आसपास आणि दुपारी तिशीकडे, म्हणून एकच जाड स्वेटर निरुपयोगी. आत घाम सुकवणारा पातळ टी-शर्ट, वर घडी करून खिशात बसेल असं विंडचीटर, पूर्ण बोटांचे हातमोजे, गुडघे झाकणारी पँट. सुती बनियन घामाने ओलं राहतं आणि थांबलात की छाती गार पडते. कानांना पातळ पट्टी बांधा. जाड माकडटोपीवर हेल्मेट नीट बसत नाही आणि पडल्यावर सरकतं. पहिली दहा मिनिटं थोडी थंडी वाजली पाहिजे. निघतानाच ऊबदार वाटत असेल तर एक थर जास्त झालाय.

आता ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन जोडलेल्या असतात, मागे दिवा असेलच असं नाही, आणि उसाची टोकं दोन्ही बाजूंना बाहेर आलेली असतात. गाणी मोठ्याने लावलेली असली तर चालकाला तुमची घंटी ऐकू जाणार नाही. वारा अडतो म्हणून ट्रॉलीच्या मागे चिकटून जाण्याचा मोह होतो. तो टाळा. मोळी सुटून खाली आली किंवा ब्रेक लागला तर वळायला जागाच उरत नाही. ओलांडताना दोघांनी एकदम निघू नका. पुढच्याने समोरचा रस्ता रिकामा बघून, दीड मीटर अंतर ठेवून जावं. मागच्याने स्वतः बघून मगच निघावं. पुढचा गेला म्हणून मागचा गेला, यातच अपघात होतात. रस्त्यावर पडलेला ऊस चाकाखाली गोल फिरतो, तेव्हा तो काटकोनात, सरळ चाकाने ओलांडा आणि त्यावर ब्रेक दाबू नका.

मागचे लाल दिवे दोघांनीही लावायचे, पण लुकलुकणारा फक्त मागच्याचा. पुढच्याचा स्थिर ठेवा, नाहीतर मागच्याच्या डोळ्यांवर सतत तिरीप येते आणि त्याला खड्डे दिसत नाहीत. धुक्यात ५० मीटरवरचं झाड दिसेनासं झालं की रस्ता सोडून थांबा; ऊन चढेपर्यंत वाट पाहण्यात शहाणपण आहे. एरवी एकामागे एक चालवा, मध्ये किमान एका चाकाचं अंतर ठेवा, आणि पुढच्याचं मागचं चाक व तुमचं पुढचं चाक कधीही शेजारी येऊ देऊ नका. चाकाला चाक घासलं तर मागचाच पडतो. समोरून वारा असेल तर दर पाच-दहा मिनिटांनी पुढचा बदला. खड्डा दिसला की पुढच्याने हाताने दाखवायचा आणि ओरडून सांगायचा.

पंक्चरसाठी ट्यूब प्रत्येकाने आपापली घ्यावी. एकाची रोडबाईक (बारीक टायरची) आणि दुसऱ्याची एमटीबी (जाड टायरची, डोंगरवाटेची) असेल तर ट्यूब अदलाबदल होत नाही. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह म्हणजे श्रेडर, तर बहुतेक रोडबाईकचा बारीक व्हॉल्व्ह म्हणजे प्रेस्टा; श्रेडर प्रेस्टासाठीच्या रिमच्या बारीक भोकात जातच नाही. पंप मात्र दोन्ही व्हॉल्व्हना चालणारा एकच पुरे. प्रेस्टा असेल तर पितळी अडॅप्टर जवळ ठेवा, कारण गावातल्या पंक्चरवाल्याकडची नळी श्रेडरचीच असते. त्याच्या कंप्रेसरने हवा थोडी थोडी भरून घ्या, एका दमात नको.

नवी ट्यूब टाकून पाच मिनिटांत पुन्हा हवा गेली, तर बहुतेकदा काट्याचं टोक टायरमध्येच मोडून राहिलेलं असतं. म्हणून चाक काढण्याआधी व्हॉल्व्ह टायरवरच्या कुठल्या अक्षरासमोर आहे ते बघा. जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून ती गालाजवळ फिरवा, भोक सापडेल. व्हॉल्व्हपासून तेवढ्याच अंतरावर, दोन्ही दिशांना, टायरच्या आतून फडक्याने चाचपा. फडकं अडकेल तिथे काटा आहे. उघड्या बोटाने चाचपू नका. पॅच लावायचा झाला तर घासून सोल्युशनचा पातळ थर द्या आणि बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा. गार सकाळी याला पाच मिनिटांपेक्षा जास्त लागतात; घाई केली की पॅच निघतो. थांबल्यावर सायकल बांधावरच्या गवतात आडवी टाकू नका, काटे तिथेच असतात.

थंडीत तहान कळत नाही, तेव्हा दर वीस मिनिटांनी दोन घोट घ्या, तासाला साधारण अर्धा लिटर. बरोबर राजगिऱ्याचे लाडू किंवा चिक्की ठेवा. वाटेत कुणी हुरड्याला बोलावलं तर तो परतीनंतर खा. वर दही-ताक घेऊन चढावर सायकल मारली की पोट हमखास जड होतं.