घरातील परवानाधारकाच्या निधनानंतर बंदुकीची व्यवस्था : वारसांसाठी तयारीची यादी

कोकणात माकडे-रानडुकरांपासून बागायत राखण्यासाठी घेतलेली ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक असो, देशावरच्या वाड्यात आजोबांपासून चालत आलेली बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचे माप) दुनळी असो किंवा शहरातल्या व्यावसायिकाने स्वसंरक्षणासाठी घेतलेले ०.३२ चे रिव्हॉल्व्हर असो, परवानाधारक गेल्यानंतर घरातील मंडळी शेतजमीन, बँकेचे खाते आणि दागिने यांच्या जोडीनेच त्या शस्त्राचाही विचार करतात, आणि बहुतेक वेळा तो सर्वांत शेवटी करतात. क्रम नेमका उलटा असायला हवा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ प्रमाणे अग्निशस्त्र आणि दारूगोळा जवळ बाळगण्याचा परवाना व्यक्तीला दिलेला असतो. तो घराला, कुटुंबाला किंवा वाडवडिलांच्या नावाला दिलेला नसतो. वडिलांच्या निधनानंतर बंदुकीची मालकी वारसांकडे येते, पण ती घरात ठेवण्याचा अधिकार त्यांच्याकडे आपोआप येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र किंवा दारूगोळा बाळगल्याबद्दल किमान दोन आणि कमाल पाच वर्षांच्या कारावासाची आणि दंडाची तरतूद आहे, आणि ‘बंदूक वडिलांची होती’ एवढ्याने ती टळत नाही. म्हणून निधनानंतरच्या पहिल्याच आठवड्यात पुढील गोष्टी हाती घ्याव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सर्वप्रथम शस्त्र नेमके कुठे आहे, याची खात्री करावी. हे सांगणे अनावश्यक वाटेल, परंतु निवडणुकीच्या काळात अनेक परवानाधारकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते, आणि आजारपणामुळे किंवा दुर्लक्षामुळे ते परत आणायचे राहून गेलेले असते. कधी ते दुरुस्तीसाठी शस्त्रविक्रेत्याकडे दिलेले असते. अशा वेळी घरात शोधायची वस्तू म्हणजे जमा केल्याची पावती. शस्त्र घरातच असेल तर ते ज्या कपाटात आहे त्याला कुलूप घालून किल्ली घरातल्या एकाच जबाबदार, प्रौढ व्यक्तीकडे ठेवावी. नळीत काडतूस असण्याची शंका असेल तर सराव नसलेल्या कोणीही ते काढण्याचा प्रयत्न करू नये. ठासणीच्या बंदुकीत तर बार भरलेला आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे ती भरलेलीच आहे असे धरून चालावे. भेटायला आलेल्या पाहुण्यांना शस्त्र दाखवणे किंवा मुलांनी त्याच्यासोबत छायाचित्र काढणे या काळात कटाक्षाने टाळावे.

त्यानंतर मूळ परवाना शोधावा आणि तो शांतपणे वाचावा. परवानाधारकाचे नाव व पत्ता, परवाना देणारे प्राधिकरण, शस्त्राचा प्रकार, बोअर, क्रमांक, वैधतेची मुदत आणि नूतनीकरणाचे शिक्के या सर्व नोंदी कोऱ्या कागदावर स्वतंत्र उतरवून घ्याव्यात. परवान्याला युनिक आयडेंटिफिकेशन क्रमांक, म्हणजे व्यवहारात ज्याला यूआयएन म्हणतात तो, मिळालेला आहे का, हे आवर्जून पाहावे, कारण शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय माहितीकोशात नोंद नसलेला जुना परवाना वैध धरला जात नाही. परवान्यावरचा क्रमांक आणि शस्त्रावर कोरलेला क्रमांक एकच आहे का, हेही पडताळावे. दुनळीवर तो बहुधा चापाजवळच्या लोखंडी भागावर किंवा नळ्यांवर असतो. गंज चढला असेल तर कोरड्या फडक्याने हलकेच पुसून बॅटरीच्या उजेडात वाचता येतो, मात्र घासकागद लावून तो पुसट करू नये. जुन्या हस्तलिखित परवान्यांत एखादा अंक चुकीचा उतरलेला असू शकतो, आणि तसा फरक आढळला तर तो लपवण्याऐवजी पहिल्याच अर्जात नमूद करावा. पुढे तपासणीत तो निघाला तर घरच्यांना उगाच संशयाला तोंड द्यावे लागते. काडतुसे मोजून संख्या लिहावी. देवघराच्या फळीवर, शेतघराच्या कोनाड्यात, जुन्या ट्रंकेत विसरलेली दोन-चार काडतुसे सापडतात आणि ती किरकोळ समजून तशीच ठेवली जातात, परंतु दारूगोळ्यालाही हाच कायदा लागू आहे.

यापुढची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे ज्या शस्त्राचा ताबा कोणत्याही कारणाने कायदेशीर राहिलेला नाही, ते अनावश्यक विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे किंवा नियमांतील अटींना अधीन राहून परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचे असते. कायद्याने इथे दिवसांचा आकडा दिलेला नाही, म्हणून तेरावे, वर्षश्राद्ध किंवा भावंडांची वाटणी होईपर्यंत थांबण्याची मुभा आहे, असा त्याचा अर्थ काढू नये. परवानाधारक हयात असताना त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी शस्त्र नेऊ शकते; त्याच्या पश्चात ती सोय उरत नाही. त्यामुळे मुलाने बंदूक दुचाकीवर आडवी टाकून ठाण्यात नेणे हा सद्हेतूने केलेला, तरीही धोक्याचा प्रकार आहे. आधी निधनाची लेखी सूचना घेऊन ठाण्यात जावे, त्यात परवाना क्रमांक, शस्त्राचे वर्णन, काडतुसांची संख्या आणि शस्त्र सध्या कुठे सुरक्षित ठेवले आहे हे लिहावे, शस्त्र कोणत्या रीतीने जमा करायचे याबद्दल अधिकाऱ्याची सूचना मागावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. तीच सूचना परवाना देणाऱ्या प्राधिकरणालाही पाठवावी. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या पोलीस आयुक्तालयांच्या हद्दीत ते पोलीस आयुक्त असतात आणि इतरत्र जिल्हा दंडाधिकारी, म्हणजेच जिल्हाधिकारी. पोच असलेला हा एक कागद पुढच्या सगळ्या प्रक्रियेत घराचा खरा आधार ठरतो.

शस्त्र जमा करताना मिळणारी पावती तिथेच उभे राहून वाचावी. ‘एक बंदूक मिळाली’ एवढ्यावर समाधान मानू नये. बोअर, बनावट, क्रमांक, दस्त्यावरचे ओरखडे किंवा तडे, काडतुसांची संख्या आणि मूळ परवाना सोबत दिला असल्यास त्याचा उल्लेख पावतीत असावा. जमा केलेले शस्त्र परत घेण्याचा किंवा त्याची विल्हेवाट लावण्याचा वारसांचा हक्क कायद्याने राखलेला आहे, परंतु नियमांत ठरलेल्या मुदतीत तो बजावला नाही तर ते सरकारजमा होऊ शकते. म्हणून ही मुदत केव्हा संपते ते अधिकाऱ्याला विचारून पावतीजवळ तारीख नोंदवावी.

शस्त्र सुरक्षित ठिकाणी पोचले की मग ते कोणी घ्यायचे, विकायचे की परत करून टाकायचे, या प्रश्नाकडे वळावे. शस्त्र नियम, २०१६ मधील नियम २५ प्रमाणे परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याच्या कायदेशीर वारसाला परवाना देता येतो, मात्र तो वारस स्वतः पात्र असावा लागतो आणि पोलीस अहवाल त्याच्या बाजूने असावा लागतो. वय २१ वर्षे पूर्ण नसलेल्या व्यक्तीला, हिंसाचाराच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा होऊन ती संपल्यानंतर ५ वर्षे झालेली नसलेल्या व्यक्तीला, किंवा शांतता राखण्याच्या बंधपत्राखाली असलेल्या व्यक्तीला अधिनियमाचे कलम ९ आड येते. घरात मतभेद असतील तर अर्ज करण्यापूर्वीच ते मिटवावेत. शस्त्रासारख्या वस्तूवरून भावाभावांत वाद आहे, असे पोलीस अहवालात आले तर परवाना देताना अधिकारी कचरणारच, आणि त्यांचे ते कचरणे मला योग्य वाटते. जो वारस परदेशात राहतो आणि वर्षातून एकदा गावी येतो, त्याने केवळ आठवण म्हणून परवाना मागण्यापेक्षा दुसऱ्या वारसाला संमती द्यावी किंवा विक्रीचा मार्ग धरावा. बंद घरातले शस्त्र चोरीला गेले तर ते कोणाच्या हाती पडेल, याचा विचार भावनेच्या आधी करायला हवा.

अर्जासाठी जी कागदपत्रे तयार ठेवावीत, त्यांत मृत्यूचा दाखला, मूळ परवाना व त्याच्या प्रती, जमा पावती, वारस असल्याचा पुरावा, इतर वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रे, ओळखीचा, जन्मतारखेचा आणि रहिवासाचा पुरावा, छायाचित्रे, शारीरिक व मानसिक तंदुरुस्तीचे वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि ते घरी कुलूपबंद ठेवण्याची हमी यांचा समावेश होतो. अर्ज वैयक्तिक परवान्यासाठीच्या नमुना ए-१ मध्ये करायचा असतो. प्रशिक्षणाला बरेच लोक केवळ औपचारिकता समजतात. ज्याने आयुष्यात कधी दुनळी मोडून, म्हणजे काडतूस भरण्यासाठी बिजागरीवर उघडून, पाहिलेली नाही, त्याने ते मनापासून करावे. नियमांनुसार पोलिसांनी अहवाल ३० दिवसांत द्यायचा असतो आणि तो मिळाल्यापासून ६० दिवसांत प्राधिकरणाने निर्णय घ्यायचा असतो. प्रत्यक्षात उशीर झाला तर याच मुदतींचा उल्लेख करून लेखी स्मरणपत्र द्यावे. अर्ज नामंजूर झाल्यास लेखी आदेश मागावा, कारण त्याविरुद्ध कलम १८ खाली मुदतीत अपील करता येते. परवाना हातात पडेपर्यंत शस्त्र घरी आणू नये.

विक्री करायची असल्यास घेणाऱ्याकडे त्याच प्रकारच्या शस्त्रासाठी वैध परवाना आहे का, हे मूळ कागद पाहून तपासावे. एका खासगी व्यक्तीने दुसरीला शस्त्र देण्यापूर्वी कलम ५ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जावे लागतात. ओळखीतल्या कोणाला ‘सध्या ठेव, कागद नंतर करू’ म्हणून बंदूक देणे हा सरळ गुन्हा आहे. परवानाधारक विक्रेत्याला विकणे सहसा सोपे पडते, भाव मात्र कमी मिळतो.

काही घरांची स्थिती वेगळी असते. २०१९ च्या दुरुस्ती अधिनियमाने एका व्यक्तीच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आहे आणि वारसाहक्काने परवाना देतानाही ती ओलांडता येत नाही; वारसाकडे आधीच स्वतःची दोन शस्त्रे असतील तर वडिलांचे तिसरे शस्त्र त्याच्या नावावर होणार नाही, हे गृहीत धरूनच वाटणी करावी. ०.३०३ रायफल किंवा ९ मिमी पिस्तूल यांसारखी प्रतिबंधित बोअरची, म्हणजे सर्वसाधारणपणे नागरिकांना न मिळणारी, शस्त्रे केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. तोड्याची (पेटत्या वातीने बार उडवायची) किंवा ठासणीची जुनी बंदूक केवळ जुनी आहे म्हणून कायद्याबाहेर जात नाही. कलम ४५ ची सूट पुरातन किंवा कालबाह्य बनावटीच्या आणि दुरुस्त करूनही वापरता येणार नाही अशा शस्त्रापुरती आहे, आणि तसे आहे की नाही हे घरच्यांनी परस्पर ठरवू नये. दसऱ्याला पूजेत मांडली जाते या श्रद्धेचा मान राखूनही तिची तपासणी करून घ्यावी.

ज्यांच्या घरी परवानाधारक हयात आहेत, त्यांना यातले बरेच श्रम वाचवता येतात. परवानाधारकाचे वय ७० झाले असेल किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षे झाली असतील, यांपैकी जे आधी घडेल त्यानंतर, नियम २५ प्रमाणे त्यांनी स्वतः नामनिर्देशित केलेल्या वारसाच्या नावे परवाना मागता येतो. शस्त्र कुठे ठेवले आहे, किल्ली कोणाकडे आहे, परवाना व पावत्या कोणत्या फाइलमध्ये आहेत आणि मुदत केव्हा संपते, हे त्यांनी एका कागदावर लिहून घरातल्या दोघांना सांगून ठेवावे. परवाना आता पाच वर्षांसाठी मिळत असल्याने पुढच्या नूतनीकरणाच्या वेळीच वारसाच्या नावाचा विषय काढावा आणि अर्जासोबत त्या वारसाची व इतर भावंडांची लेखी संमती जोडावी.