देखभाल देयकाच्या पीडीएफमधील मजकुराची स्वयंचलित तपासणी

ठाण्यातील गृहनिर्माण संस्थांची दरमहा देखभाल देयके पीडीएफ स्वरूपात काढणाऱ्या प्रणालीसाठी चाचण्या लिहिताना जुनी आणि नवी फाइल बाइटगणिक ताडून पाहण्याचा मोह टाळावा. फाइल तयार झाल्याची वेळ बहुधा पीडीएफमध्येच नोंदली जाते, त्यामुळे एकच देयक दोनदा काढले तरी दोन्ही प्रती तंतोतंत जुळत नाहीत. तपासायचा असतो तो मजकूर, आणि तो आधी बाहेर काढावा लागतो.

इथेच मराठीची खरी अडचण सुरू होते. पीडीएफमध्ये प्रामुख्याने अक्षराकृती आणि त्यांच्या जागा साठवलेल्या असतात. आकृतीवरून युनिकोडकडे (प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीकडे) नेणारा तक्ता फाइलमध्ये नसेल, तर पानावर स्वच्छ दिसणारा पत्ता बाहेर काढल्यावर निरर्थक चिन्हांचा ढीग होतो, आणि तक्ता असला तरी ऱ्हस्व वेलांटी आधी येऊन ‘माजिवडा’चे ‘मािजवडा’ होऊ शकते. म्हणून प्रथम पॉपलर या पीडीएफ हाताळणाऱ्या साधनांच्या संचातील ‘पीडीएफफॉन्ट्स’ ही आज्ञा चालवून प्रत्येक फॉन्ट फाइलमध्ये अंतर्भूत आहे का आणि त्याला युनिकोड तक्ता जोडलेला आहे का, हे पाहावे. वेलांटी सरकत असेल, तर चाचणी वाकवण्याऐवजी पीडीएफ तयार करणारी लायब्ररी बदलावी, असे माझे मत आहे.

यानंतर त्याच संचातील ‘पीडीएफटोटेक्स्ट’ने काढलेला मजकूर आणि अपेक्षित मजकूर या दोहोंवर पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण (एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या पद्धती एकाच रूपात आणणे) करावे, कारण ‘ऱ’ हे अक्षर एका संकेतांकाने किंवा ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन संकेतांकांनी लिहिले जाते आणि डोळ्यांना त्यांतील फरक दिसत नाही.

रकमांसाठी आधी स्वल्पविरामांची जागा तपासावी (१,२५,००० हवे, १२५,००० नको), मग स्वल्पविराम व ‘₹’ काढून संख्या घ्यावी. मजकुराची पूर्णांक संख्या करणारे पायथॉनचे ‘इंट’ हे फंक्शन देवनागरी अंकही वाचते. सेवाशुल्क, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी), पार्किंग, थकबाकी यांची बेरीज चाचणीने स्वतः करून छापील एकूण रकमेशी ताडावी. शून्य थकबाकी, दोन ओळींत जाणारे सभासदाचे नाव आणि दुसऱ्या पानावर सरकलेली बेरीज ही उदाहरणे अवश्य घ्यावीत.

मजकूर बरोबर निघूनही पानावर ‘₹’च्या जागी रिकामा चौकोन छापलेला असू शकतो. त्यासाठी पॉपलरमधीलच ‘पीडीएफटोपीपीएम’ने पानाची प्रतिमा काढून, तारीख आणि देयक क्रमांक झाकून, मंजूर नमुन्याशी तुलना करावी. शेवटी देयकाच्या साच्यातील एक रक्कम मुद्दाम चुकवून चाचणी नापास होते की नाही, हे पाहावे.