हरवलेल्या पोथीची रहस्यकथा कोकणात बसवताना

कोकणात घडणारी पोथीची रहस्यकथा लिहायला घेतली की पहिला मोह होतो तो खणण्याचा. पडका किल्ला, भुयार, कुदळ, लोखंडी पेटी आणि पेटीत कोरी करकरीत पोथी. हा मोह सोडा. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि वाळवी जागीच असते. या जमिनीत कागद चार पावसाळेही काढणार नाही, ताडपत्राचीही तीच गत. जमिनीतून निघतो तो धातू किंवा दगड. दिवेआगरला १९९७ साली सुपारीच्या बागेत तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणपती निघाला. कागद असता तर पेटीत फक्त चिखल मिळाला असता.

म्हणून कथानक रचण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहून काढा: पोथी इतकी वर्षं टिकली कशी, आणि टिकली तर कुणी वाचली कशी नाही? यांची उत्तरं पटणारी असली की निम्मी कथा उभी राहते. नसली तर पाठलाग आणि खून कितीही घातलेत तरी वाचक मनातून उठून जातो.

टिकण्याची खरी जागा घरात आहे. चुलीच्या वरचा माळा ही त्यातली सगळ्यांत भरवशाची: धुरामुळे कीड लांब राहते आणि उबेमुळे दमट हवा साचत नाही. पोथी दोन लाकडी फळ्यांमध्ये, वर लाल बासन, आत वेखंडाचे तुकडे किंवा कडुनिंबाचा पाला. घरात गॅस आला, चूल थंडावली आणि दहा-पंधरा वर्षांत कसर लागली, हा तपशील कथेत घड्याळासारखा चालतो. नायकाला घाई का आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही. दुसरी जागा देवळातली पेटी. तिथे अडथळा कुलपाचा नसतो, माणसांचा असतो. तळकोकणात बारापाच मानकरी, म्हणजे देवळाचा मान असलेल्या घराण्यांचे प्रतिनिधी, जमल्याशिवाय आणि देवाचा कौल मिळाल्याशिवाय पेटी उघडत नाही. एका मानकऱ्याने मुंबईहून यायचं टाळलं की प्रकरण आपोआप लांबतं.

न वाचली जाण्याचं कारण बहुतेक वेळा वाटणी. तीन भावांत घर वाटलं, भांडी वाटली, पोथ्याही वाटल्या. पोथीची पानं सुटी असतात, त्यामुळे एकच ग्रंथ तीन घरांत गेला तरी कुणाला पत्ता लागत नाही. एक फांदी गावात, एक गिरगावात, एक पुण्यात, आणि भाऊबंदांत बोलणं बंद. पुरातत्त्वाच्या कथेला इतका अस्सल खलनायक दुसरा मिळणार नाही. हेतू हवा असेल तर पोथीपेक्षा तिच्याभोवती गुंडाळलेल्या कागदाकडे बघा. जुन्या घरांत रद्दी झालेले मोडी कागद वेष्टनाला वापरत. १९४९च्या खोती निर्मूलन कायद्यानंतर निरुपयोगी वाटलेली एखादी सनद तशीच पोथीला गुंडाळली गेली असेल, आणि आज त्या जमिनीवर कुणाचा तरी रिसॉर्ट उभा राहत असेल, तर चोराला ग्रंथाशी काही देणंघेणं नाही. त्याला वेष्टन हवं आहे. पोथी तो मागे टाकून जाईल, आणि तपास करणारे चुकीच्या दिशेने पळतील.

पुराव्यांची मांडणी

इथे खरी मेहनत आहे. पोथीच्या शेवटी पुष्पिका असते: शके, संवत्सर, महिना, पक्ष, तिथी, वार, गाव, कुणी कुणासाठी लिहिलं ते. बनावट पोथी पकडायची तर पुष्पिकेइतकं चांगलं हत्यार नाही, कारण आकडे एकमेकांना बांधलेले असतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तारखांना ७९. संवत्सरासाठी शकात १२ मिळवा, ६०ने भागा, बाकी उरेल तो साठ संवत्सरांच्या चक्रातला, पहिल्या प्रभवापासूनचा क्रमांक. बाकी शून्य आली तर साठावा, म्हणजे क्षय. पडताळून बघा: शिवराज्याभिषेकाचा शक १५९६. त्यात १२ मिळवून १६०८, बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. बरोबर. अलिबागजवळच्या आक्षीच्या शिलालेखात शके ९३४ आणि ‘प्रधावी’ संवत्सर आहे. ९४६ला ६०ने भागून बाकी ४६, आणि शेहेचाळिसावा परिधावी, म्हणजेच दगडावरचा ‘प्रधावी’. दगडही जुळतो.

आता तुमच्या कथेत ‘शके १६९४ नंदननाम संवत्सरे’ असं लिहिलंत तर ते चालेल, बाकी २६ येते आणि नंदन सव्विसावा. ‘शके १६९४ विजयनाम’ लिहिलंत तर तो बनावटकाराचा घोटाळा असला पाहिजे. तुमचा असेल तर पंचांग बघणारा एखादा वाचक पहिल्याच आठवड्यात कळवेल. वारही जंत्रीतून तपासून घ्या.

कागद आणि शाई याही बोलतात. पोथीची शाई काजळ आणि डिंकाची असते. ती उन्हात विटत नाही, पण पाण्याला भिते. माळ्यावर कौल फुटून पाणी गेलं की डिंक ओला होतो, पानं एकमेकांना चिकटतात आणि सुटताना एका पानावरची अक्षरं समोरच्या पानावर उलटी उमटतात. याचा उपयोग करा: चोराने सत्ताविसावं पान काढून नेलं आहे, पण अठ्ठाविसाव्या पानावर त्याची पुसट उलटी छाप आहे. फोनमध्ये फोटो काढून आडवा उलटवला की सात-आठ ओळींतले निम्मे शब्द लागतात. निम्मेच लागू द्यात. सगळे लागले तर कथा तिथेच संपते. चूक खोडायला हरताळ लावत, पिवळा लेप. त्याचा पोपडा निघालेला असेल तिथे खालचं मूळ अक्षर दिसतं. लेखनिकाने कुठलं गावनाव बदललं, हे त्यातून कळू शकतं. बनावट पोथीचा कागद उजेडासमोर धरला आणि आत गिरणीचं जलचिन्ह दिसलं तर प्रकरण पाच मिनिटांत मिटतं, म्हणून तुमच्या खलनायकाला इतकं बावळट करू नका. तो जुन्या वहीची कोरी पानं फाडून वापरेल आणि फसेल तो लिपीत.

लिपीचा नियम सोपा. ग्रंथ बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, व्यवहार मोडीत. मोडीत आधी डोक्यावरची रेघ सलग ओढून मग अक्षरं लटकवत, शब्दांमध्ये जागा सोडत नसत आणि इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ पाळत नसत. कोड्यासाठी हे आयतं आहे. ‘दोनशेतेरामाची’ हे ‘दोन शेते रामाची’ असंही वाचता येतं आणि ‘दोनशे तेरा, माची’ असंही. एक जण गावातल्या कुळाच्या शेतात फिरतोय, दुसरा किल्ल्याच्या माचीवर पावलं मोजतोय. अशी दोन-तीन वाक्यं आधी तयार करून ठेवा, मग त्यांच्याभोवती गाव रचा. उलट क्रमाने गेलात तर कोडं ओढूनताणून होतं.

ताम्रपट आणायचा असेल तर: बहुधा तीन पत्रे, एका कडीत ओवलेले, कडीवर मुद्रा, कोकणावर राज्य केलेल्या शिलाहार घराण्याचा असेल तर गरुड. पहिल्या आणि शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू कोरी असते. नायिकेने वरचा पत्रा पुसला आणि लेख झळकला, असं लिहिलंत तर चुकलात. कडी कापलेली दिसली तर मधला पत्रा कुणीतरी काढला आहे, हे संवादाशिवाय कळतं. शिलालेख जांभ्यावर कोरू नका. त्या सच्छिद्र दगडावर बारीक अक्षर उभं राहत नाही. काळा दगड घ्या. ठसा घेणारं पात्र असेल तर त्याला दिवाळीनंतर पाठवा, कारण पावसाळी हवेत ओला कागद दगडावर सुकत नाही आणि शाई पसरते.

लेखावरून जागा सापडते, याला कोकणातच पक्का दाखला आहे. दापोली तालुक्यात पन्हाळे काजीला शिलाहारांचा शके १०६१चा ताम्रपट मिळाला, आणि त्याच्या मागोमाग १९७०च्या दशकात म. न. देशपांडे यांच्या संशोधनातून कोटजाई नदीकाठची २९ लेणी उजेडात आली. वाचकाला हे माहीत असेल किंवा नसेल, तुमच्या कथेतल्या प्राध्यापकाला माहीत असलं पाहिजे.

भरती-ओहोटी

किनाऱ्यावरच्या कथा इथे हमखास आपटतात. दर्यावर्दी माणसाचा हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दिवसातून दोनदा, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. बंदरागणिक थोडा फरक पडतो, कथेला एवढं पुरतं. आता यातून काय निघतं ते बघा. उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, तेव्हा भरती बाराला आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहा-सातला. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतलं अंतर सगळ्यांत कमी असताना, ओहोटी भर दुपारी, पण तेव्हा पाणी फारसं हटतच नाही. म्हणजे टळटळीत उन्हात समुद्र मैलभर मागे गेला आणि गुहेचं तोंड उघडं पडलं, हे दृश्य कोकणात होत नाही. ते पहाटे घडवा, किंवा दिवेलागणीला. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू.

उलट बाजूने हेच उपयोगी पडतं. अमावास्येला मध्यरात्री पूर्ण भरती आणि मिट्ट काळोख, दोन्ही एकदम मिळतात. खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या दांड्यावरून होडी आत घ्यायची तर चोरासाठी याहून सोयीची वेळ नाही. पौर्णिमेला पाणी तेवढंच, पण चांदण्यात जेटीवरचा म्हातारा सगळं बघणार. उत्तरेकडून दक्षिणेकडे भरती-ओहोटीतलं अंतर कमी होत जातं, म्हणून रेवदंड्याला जे उघडं पडेल ते मालवणला पडेलच असं नाही. आषाढात होडी काढू नका. कोळीही काढत नाहीत.

कायदा थोडक्यात, पण नीट. १९७२च्या पुरावशेष कायद्यात मूर्ती-नाण्यांना शंभर वर्षांची अट आहे, हस्तलिखितांना पंचाहत्तर. परदेशी नेणं गुन्हा. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत बांधकामाला बंदी आहे, आणि परवान्याशिवाय खणणारा तुमचा नायक असला तरी आरोपीच. हे अडचणीचं वाटतं, पण यातूनच तलाठी, पोलिसपाटील आणि तहसीलदार कचेरीतला कारकून अशी पात्रं कथेत येतात, आणि ती भुयारापेक्षा जास्त रंगतात.

राहिला शेवटचा पेच: हरवलेला ग्रंथ वाचकाला किती दाखवायचा? आठ ओळींच्या वर जाऊ नका. जुनी मराठी रचून लिहायचा मोह आवरा, कारण क्रियापदाच्या एका रूपावरून जाणकार पकडतो. मूळ प्रत शेवटपर्यंत मिळूच नये, मिळावी ती नकलेची नक्कल, आणि तीत लेखनिकाने एक ओळ गाळलेली असावी. पाठभेद दाखवायचे तर दोनच प्रती ठेवा. तिसरी आली की वाचकाला तक्ता काढावा लागतो. गाळलेली ओळ कोणती होती हे तुम्ही स्वतः पहिलं प्रकरण लिहिण्याआधी ठरवून ठेवा, आणि पुण्याच्या भाऊबंदांकडच्या पानांचे क्रमांकही. मधल्या प्रकरणांत कुणाच्या हातात कोणतं पान आहे, याचा गोंधळ तिथेच सुरू होतो.