विश्वातील चुंबकक्षेत्र मोजताना या चुका टाळा

पावसाळ्यात गोव्यात दुर्बिणीवरचं आवरण काढायची सोय नसते. पण रेडिओ ध्रुवीकरणाची, म्हणजे रेडिओ लहरी कोणत्या दिशेत कंप पावतात याची, खुली आकडेवारी ताळगावच्या पठारावर बसूनही हाताळता येते. एमएस्सीच्या प्रकल्पाला हा विषय घेणाऱ्यांची गाडी बहुधा एकाच जागी अडते: फॅराडे परिभ्रमणाचा (चुंबकक्षेत्र असलेल्या आयनीभूत वायूतून जाताना ध्रुवीकरणाचा कोन फिरतो, त्याचा) आकडा, म्हणजे आरएम (रोटेशन मेझर), हाती आला की तो लगेच चुंबकक्षेत्रात बदलायची घाई.

आरएम म्हणजे इलेक्ट्रॉनांची घनता आणि दृष्टिरेषेवरचं क्षेत्र यांच्या गुणाकाराची अख्ख्या वाटेवरची बेरीज. घनता दर घन सेंटिमीटरला, क्षेत्र मायक्रोगॉसमध्ये, अंतर पार्सेकमध्ये (1 पार्सेक म्हणजे सुमारे 3.26 प्रकाशवर्षं) घेतलं तर गुणक 0.812. दीर्घिकासमूहासाठी घनता 0.001, क्षेत्र 1 आणि अंतर 10 लाख धरा: आरएम 812 रेडियन प्रति चौरस मीटर. पण क्षेत्राची दिशा वाटेत वारंवार पलटते. 10 हजार पार्सेकांचे 100 तुकडे, प्रत्येकात दिशा स्वैर, असं मानलं तर बरंचसं एकमेकांना खोडून निघतं आणि आरएमचा पसारा, म्हणजे शून्याभोवतीचं विखुरणं, जेमतेम 80 उरतो. या 80 वरून एकसंध क्षेत्र धरून उलट गणित केलंत, तर उत्तर दहापट कमी येईल. आरएम शून्य म्हणजे क्षेत्र शून्य, हाही गैरसमजच. एका रेडिओ स्रोतावर विसंबू नका. समूहामागचे जितके मिळतील तितके स्रोत घेऊन पसारा काढा.

दोनच वारंवारितांवरून आरएम काढू नका. ध्रुवीकरणाचा कोन 180 अंशांनी फिरला तरी तसाच दिसतो. एनव्हीएसएस या रेडिओ आकाश-सर्वेक्षणाच्या 1365 आणि 1435 मेगाहर्ट्‌झ या जोडीत त्यामुळे सुमारे 650 ची चूक बेमालूम लपते. रुंद पट्ट्यातले अनेक चॅनल घ्या आणि आरएम सिंथेसिस करा, म्हणजे सगळे चॅनल एकत्र वापरून कोणत्या आरएमला किती संकेत येतो ते काढा.

आपल्याकडच्या निरीक्षणांत आयनोस्फिअर (पृथ्वीच्या वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) विसरणं महागात पडतं. पुणे जिल्ह्यातल्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण चुंबकीय विषुववृत्तापासून फार दूर नाही. तिथे दुपारी इलेक्ट्रॉन भरपूर असतात. आयनोस्फिअरचा आरएम 1 असला, तर 1400 मेगाहर्ट्‌झला कोन अडीच अंशांच्या आसपास फिरतो, पण 150 ला, तरंगलांबी मोठी असल्याने, जवळजवळ 230 अंश. जीपीएसवरून मिळणारे इलेक्ट्रॉनांचे नकाशे वापरून दुरुस्ती करा. मग आकाशगंगेचा वाटा वजा करा; तिच्या प्रतलाजवळ तो शेकड्यांत जातो, म्हणून तिथले स्रोत सरळ सोडलेले बरे. दूरच्या स्रोताजवळचा आरएम आपल्याला (एक अधिक ताम्रसृती) या बेरजेच्या वर्गाने भागून (ताम्रसृती म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे लहरींची लांबी वाढण्याचं प्रमाण) दिसतो, हेही हिशेबात धरा.

महापोकळ्यांबद्दल, म्हणजे दीर्घिकांच्या जाळ्यातल्या जवळजवळ रिकाम्या जागांबद्दल, लिहिताना तर जास्तच जपून. ब्लेझारांच्या (ज्यांचा झोत आपल्याकडे रोखलेला आहे अशा सक्रिय दीर्घिकांच्या) गॅमा किरणांवरून 2010 साली मांडलेला 10 चा उणे 16 वा घात गॉस हा आकडा किमान मर्यादा आहे, तीही काही गृहीतकांवर उभी. प्लँक या अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांतून आदिम, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीच्या काळातल्या, क्षेत्रासाठी आलेले काही नॅनोगॉस ही कमाल मर्यादा. दोन्ही मोजमापं नव्हेत. आलेखात बिंदू देऊ नका, बाण काढा: पहिल्याचा वर, दुसऱ्याचा खाली.