धुके पुसू नये: जुने अद्भुत आणि भयप्रद व्हिडिओ गेम पुन्हा कसे खेळावेत

गोव्यात जून महिन्याच्या मध्यापर्यंत पाऊस स्थिरावतो आणि दिवेलागणीनंतर घराबाहेर पडण्याचे निमित्त उरत नाही. जुने, संथ आणि अंधारे व्हिडिओ गेम पुन्हा काढून खेळण्यासाठी मी गेली काही वर्षे हाच काळ राखून ठेवला आहे. चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, साफसफाई सुरू होईपर्यंत साधारण अडीच महिने हाती लागतात आणि तेवढ्या अवधीत दोन, फार तर तीन खेळ मन लावून पुरे होतात. त्याहून अधिकांचा हव्यास धरू नये, कारण या जातीच्या खेळांची गोडी घाईत लागत नाही.

येथे मला अभिप्रेत आहेत ते साधारणपणे १९९२ ते २००१ या काळातले खेळ, म्हणजे ‘अलोन इन द डार्क’, ‘डूम’, ‘क्वेक’, ‘डायब्लो’, ‘रेझिडेंट ईव्हिल’, ‘थीफ’, ‘सायलेंट हिल’ आणि त्यांची भावंडे. कुठे तलवारी आणि मंत्र आहेत, कुठे पडके वाडे आणि चालती प्रेते आहेत. मात्र या सर्वांचा जीव त्यांच्या वातावरणात आहे आणि ते वातावरण पुष्कळदा यंत्राच्या तोकडेपणातून आलेले आहे. १९९९ साली प्लेस्टेशन या खेळयंत्रावर आलेल्या ‘सायलेंट हिल’मध्ये सारे शहर धुक्यात बुडालेले दिसते, कारण दूरचे रस्ते आणि इमारती एकाच वेळी रेखाटणे त्या यंत्राला झेपत नव्हते. कर्त्यांनी ती अडचण धुक्याआड आणि काळोखाआड झाकली, आणि पुढे जे झाकले गेले त्याचीच माणसांना भीती वाटू लागली. पेडण्यात किंवा सत्तरीत जत्रेच्या रात्री दशावतारी काला पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. एक बाकडे आणि एक पडदा एवढ्यावर तिथे राजवाडाही होतो आणि अरण्यही होते, आणि काळा संकासुर मंचावर आला की पुढे बसलेली पोरे मागे सरकतात. मागे खराखुरा राजवाडा बांधून वर झगझगीत दिवे लावले, तर ती पोरे जागची हलणार नाहीत.

म्हणून जुना खेळ पुन्हा मांडताना मी एकच पथ्य पाळतो. जे खेळण्याच्या आड येते ते दुरुस्त करावे आणि जे खेळाने मुद्दाम झाकले आहे ते उघडे करू नये. पुढची सगळी कृती या पथ्यातून निघते.

प्रथम खेळ मिळवण्याविषयी. २००८ साली पोलंडमधून सुरू झालेल्या जीओजी या दुकानात यांपैकी बरेच खेळ आजच्या संगणकावर चालतील अशा रूपात विकत मिळतात; मूळ ‘रेझिडेंट ईव्हिल’देखील २०२४ पासून तेथे आहे. जे तेथे नाहीत त्यांच्यासाठी जुन्या डिस्क आणि इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची संगणकावर नक्कल करणारा प्रोग्राम, हा मार्ग उरतो. इम्युलेटरला लागणारी प्लेस्टेशनची बायोस फाइल, म्हणजे त्या यंत्राचे अंगभूत सॉफ्टवेअर, आपल्या स्वतःच्या यंत्रातून काढलेली असावी. खेळ जुना झाला आणि दुकानातून दिसेनासा झाला म्हणजे तो फुकट वाटायला मोकळा झाला, ही समजूत सर्रास आढळते, परंतु ती चुकीची आहे. ज्यांना प्रारंभीच खर्च नको असेल त्यांनी १९९६चा ‘डॅगरफॉल’ घ्यावा. बेथेस्डाने तो २००९ साली विनामूल्य केला. फक्त त्याची तळघरे एवढी अवाढव्य आहेत की आत शिरण्यापूर्वी परतीचे काही साधन जवळ आहे ना, हे पाहून घ्यावे.

आपल्याकडच्या हवेत जुन्या डिस्क सांभाळणे हे स्वतंत्र काम आहे. कपाटात दोन पावसाळे उघडी पडलेली डिस्क बाहेर काढली की तिच्यावर बुरशीचे पांढुरके ठिपके दिसतात. मऊ, धुतलेल्या सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे. गोल गोल फिरवून पुसल्यास चरा डिस्कच्या मार्गाला समांतर पडतो आणि त्या ठिकाणची माहिती यंत्राला वाचता येत नाही. डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात, आणि चांगली चालणारी प्रत हाती आहे तोवरच संगणकावर तिची प्रतिमा, म्हणजे सगळ्या माहितीची एका फाइलीतली नक्कल, करून घ्यावी. मी हे फार उशिरा शिकलो. म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात घेतलेली एक डिस्क मी ‘उद्या बघू’ म्हणून खिडकीशी ठेवली होती, ती चवथीनंतर पाहिली तेव्हा तिचा चंदेरी थर कडेने सुटला होता.

आता पडद्याविषयी. डॉस या जुन्या संगणकप्रणालीच्या काळातले पुष्कळ खेळ ३२० बाय २०० पिक्सेलांत काढलेले होते, पण ते ज्या मॉनिटरवर दिसत त्याचे प्रमाण चारास तीन असे. म्हणजे प्रत्येक पिक्सेल रुंदीपेक्षा थोडा उंच पडे आणि चित्रकारांनी चित्रे त्याच हिशेबाने काढली होती. आजच्या पडद्यावर ते प्रमाण राखले नाही तर माणसे बुटकी दिसतात आणि दोन्ही कडांपर्यंत ताणले तर राक्षससुद्धा लठ्ठ आणि प्रेमळ वाटू लागतो. डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्स वापरत असल्यास त्यात ‘आस्पेक्ट’ची निवड चालू करावी आणि दोन्ही बाजूंना राहणाऱ्या काळ्या पट्ट्यांकडे दुर्लक्ष करावे. खेळ फार वेगाने पळत असेल तर कंट्रोल आणि एफ११ या कळांनी सायकल्स, म्हणजे नकली यंत्राचा वेग, कमी करता येतात, कंट्रोल आणि एफ१२ने वाढवता येतात. जुन्या पिक्चर ट्यूबचा भास देणारे शेडर, म्हणजे चित्रावर परिणाम चढवणारे छोटे प्रोग्राम, मिळतात, तेही हलक्या मात्रेत लावून पाहावेत. ट्यूबवर पिक्सेलांच्या कडा एकमेकींत किंचित मिसळत आणि कित्येक चित्रे त्यामुळेच गुळगुळीत दिसत.

प्लेस्टेशनच्या खेळांत भिंती किंचित थरथरतात आणि फरशीचे चौकोन चालताना वाकतात. हा आपल्या संगणकाचा दोष नव्हे. ते यंत्र दृश्य ज्या त्रिकोणांतून रचत असे त्यांचे कोपरे पूर्ण पिक्सेलांवर बसवत असे आणि पृष्ठावरचे चित्र जवळ-दूरचा हिशेब न धरता ताणत असे. डकस्टेशनसारख्या इम्युलेटरमध्ये हे सारे सरळ करण्याची सोय आहे. माझा सल्ला असा की ती बंदच ठेवावी, निदान ‘सायलेंट हिल’पुरती तरी; जे शहर मुळातच जागेवर नाही त्याच्या भिंती स्थिर असून काय उपयोग? २००१च्या ‘सायलेंट हिल २’ची २०१२ साली नव्या यंत्रांसाठी निघालेली आवृत्ती पाहिली म्हणजे सुधारणा कुठे थांबावी ते कळते. तिच्यात धुके इतके विरळ झाले की कधीच दिसू नयेत अशा दूरच्या कडा उघड्या पडल्या. खेळाडूंनीच पुढे जुन्या संगणक-आवृत्तीवर चिकाटीने काम करून ते धुके परत आणले.

उजेड मात्र दिवसा कधीही ठरवू नये. बहुतेक खेळ सुरुवातीला एक फिकट चिन्ह दाखवतात आणि ते जेमतेम दिसेल इतका उजेड ठेवा असे सांगतात. दुपारी खिडकी उघडी असताना हे केले तर रात्री तळघर दिवाणखान्यासारखे दिसते. दिवे मालवून, डोळ्यांना दहा मिनिटे अंधाराची सवय होऊ द्यावी आणि मग पट्टी सरकवावी. एलसीडीचा काळा रंग मुळात राखाडी असतो, त्यासाठी पडद्याच्या मागे, भिंतीकडे तोंड करून एक मंद दिवा ठेवल्यास काळा अधिक काळा भासतो आणि डोळेही शिणत नाहीत.

आवाजाकडे सर्वांत अधिक लक्ष द्यावे, असे माझे मत आहे, आणि लोक नेमके तिथेच हयगय करतात. १९९६च्या ‘क्वेक’चे संगीत नाइन इंच नेल्स या बँडच्या ट्रेंट रेझ्नरने केलेले आहे, ते खेळाच्या फाइलींत नव्हते, सीडीवर साध्या गाण्यांच्या पट्ट्यांप्रमाणे होते. त्यामुळे सीडीविना बसवलेल्या कित्येक प्रती मुक्या असतात आणि वर्षानुवर्षे त्या तशाच खेळणारी माणसे मला भेटली आहेत. पहिल्या दालनात पाऊल टाकताच खालून घरघर ऐकू येते का ते तपासावे. २०२१च्या नव्या आवृत्तीत ते संगीत समाविष्ट आहे. ‘डायब्लो’च्या गावातले मॅट उल्मेन यांचे बारा तारांच्या गिटारवरचे संगीत तर दारे लावून, खेळ न खेळताही दहा मिनिटे ऐकावे असे आहे. तळघरातून जखमी होऊन वर आल्यावर तेच सूर वेगळे लागतात.

लुकिंग ग्लास स्टुडिओजचा ‘थीफ’ हा १९९८चा खेळ मात्र कानांनीच खेळायचा आहे. त्यात आपण गॅरेट नावाचा चोर असतो. लोखंडी जाळीवर आणि फरशीवर त्याची पावले वाजतात, गालिचावर विरतात. शेवाळाचा बाण मारून वाजणारी जमीन मऊ करता येते आणि पाण्याचा बाण मारून मशाल विझवता येते. पहारेकऱ्यांचा आवाज भिंतीतून सरळ येत नाही, दारे आणि बोळ यांच्या वाटेने वळून येतो, त्यामुळे कोपऱ्यावर उभे राहून नुसत्या कानाने माणूस किती दूर आहे हे सांगता येते. यासाठी कान पूर्ण झाकणारे हेडफोन लागतात. कौलांवर कोसळणाऱ्या पावसात स्पीकर कुचकामी ठरतो. एकदा तर पन्हळीतून पायरीवर पडणाऱ्या थेंबांना मी पहारेकऱ्याची पावले समजून पाव तास एका सावलीत बसून राहिलो होतो. आजच्या विंडोजवर हा खेळ नीट चालण्यासाठी २०१२ साली एका निनावी प्रोग्रामरने प्रसिद्ध केलेली न्यूडार्क ही सुधारणा वापरावी. ती मोठ्या पडद्यांचा आणि नव्या ध्वनिव्यवस्थेचा प्रश्न सोडवते, आणि खेळाच्या अंधाराला हात लावत नाही.

वीज जाणे हा आपल्याकडच्या पावसाळ्याचा अविभाज्य भाग असल्यामुळे लॅपटॉप किंवा यूपीएस असल्याशिवाय रात्री बसू नये. कोणी म्हणेल की इम्युलेटरमध्ये कोणत्याही क्षणी स्थिती साठवता येते, मग चिंता कसली? चिंता अशी की ती सोय वापरली की भीती निघून जाते. ‘रेझिडेंट ईव्हिल’मध्ये खेळ साठवण्यासाठी टंकयंत्र गाठावे लागते आणि प्रत्येक वेळी शाईच्या फितीचा एक वापर खर्ची पडतो. फिती मोजक्याच असतात. दोन गोळ्या उरलेल्या, टंकयंत्र तीन दालने पलीकडे, आणि मधल्या बोळात काय आहे ते ठाऊक नाही, हा खेळाचा गाभा आहे. म्हणून मी यूपीएसची शिट्टी वाजली तरच ती सोय वापरतो, आणि वीज परतल्यावर तेथून पुढे चालू करून ती नोंद पुसून टाकतो.

जुन्या नियंत्रणांनी नवा खेळाडू हमखास वैतागतो. ‘रेझिडेंट ईव्हिल’मध्ये वरची कळ पात्राला त्याच्या तोंडासमोर नेते, पडद्यावर वरच्या बाजूला नेत नाही. कॅमेरे जागोजागी खिळलेले असून चित्र अचानक बदलते, अशा वेळी पात्राची दिशा ढळू नये म्हणून ही योजना होती. पहिल्या दालनात वीस मिनिटे नुसते चालून, वळून, मागे सरकून पाहावे, हात आपोआप बसतो. १९९२चा ‘अलोन इन द डार्क’ तेवढीही सवड देत नाही. माळ्यावर पाऊल टाकताच कपाट खिडकीपुढे आणि पेटी खालच्या झडपेवर ढकलली नाही, तर पाहुणे येतात. दार उघडण्याची संथ दृश्ये वगळण्याची सोय कुठे मिळाली तर पहिल्या खेपेस ती घेऊ नये. ती पुढची खोली डिस्कवरून वाचली जाईपर्यंतचा वेळ भरण्यासाठी होती हे खरे, पण दाराच्या बिजागरीकडे पाहत थांबलेल्या माणसाला तेवढ्यात बरेच काही सुचते.

पहिल्या खेपेस मार्गदर्शक पुस्तिका किंवा चित्रफिती पाहू नयेत; अडल्यास एक रात्र जाऊ द्यावी. वहीत हाताने नकाशा काढावा, चौकटींची वही त्यासाठी उत्तम. पुन्हा त्याच खेळाकडे वळताना मात्र काहीतरी बदलून वळावे. ‘थीफ’मध्ये काठिण्य वाढवले की उद्दिष्टे वाढतात, आणि सर्वांत वरच्या पातळीवर माणसांना ठार मारण्यास मनाई असते, त्यामुळे ओळखीचा वाडाही परका होतो. ‘रेझिडेंट ईव्हिल’मध्ये निवडायला दोन पात्रे आहेत; जिलजवळ आठ वस्तू मावतात आणि क्रिसजवळ सहाच, एवढ्या फरकाने साऱ्या वाटा बदलतात. ‘डायब्लो’ची सोळा तळघरे दर खेळात नव्याने रचली जातात आणि सगळी कामगिरी एकाच खेळात कधीच समोर येत नाही, म्हणून तो मी दर वर्षी निःसंकोच घेतो. ‘सायलेंट हिल २’ची गोष्ट निराळी आहे. तो खेळ आपण जखमी अवस्थेत किती काळ हिंडलो, एका मुलीने दिलेली सुरी पुन्हा पुन्हा पाहिली का, असल्या बारीकसारीक वागण्यावरून शेवट ठरवतो आणि तसे कुठे सांगत नाही. ज्यांनी तो अजून खेळलेला नाही त्यांनी मी आत्ता सांगितलेले विसरून जावे. दोन खेपांमध्ये निदान दोन पावसाळे जाऊ द्यावेत, म्हणजे वाटा पुसट होतात आणि खोल्यांचे वास तेवढे आठवणीत राहतात.

हंगाम संपताना सेव्हच्या फाइली, नकाशांची वही आणि कोणत्या खेळाला कोणती मांडणी लागू पडली त्याची नोंद एका ठिकाणी ठेवावी. फाइलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि तो ड्राइव्ह डिस्कच्या त्याच डब्यात, सिलिका जेलच्या नव्या पुड्या घालून, माटोळी, म्हणजे चवथीला गणपतीवर टांगायची फळांची आरास, बांधायला माणसे घरात येण्यापूर्वी कपाटात वरच्या खणात टाकावा.