गच्चीवरून अवकाश स्थानक कसं पाहावं: खान्देशकरांसाठी

उन्हाळ्यात आपल्याकडे जेवणं आटोपली की अंथरूण गच्चीवर जातं, म्हणजे अर्धी तयारी झालेलीच असते. उरलेल्या तयारीला ना दुर्बीण लागते, ना पैसा. पावसाळ्याचे चार महिने मात्र सोडून द्या.

आधी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक, म्हणजे अंतराळवीर राहतात ती पृथ्वीभोवती फिरणारी प्रयोगशाळा, आपल्यावरून कधी जाणार ती वेळ शोधा. नासाचं 'स्पॉट द स्टेशन' हे मोफत ॲप किंवा 'हेवन्स अबव्ह' ही वेबसाइट उघडा आणि जळगाव, धुळे, नंदुरबार यांपैकी जवळचं ठिकाण टाका. जळगावची वेळ एरंडोलला चालते. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त पळतं, त्यामुळे फरक पडला तर काही सेकंदांचा.

'स्थानक आत्ता कुठे आहे' एवढंच नकाशावर दाखवणारी ॲपं या कामाला निरुपयोगी. ते साधारण ९३ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी मारतं, त्यामुळे भर दुपारी डोक्यावरून जाईल आणि मध्यरात्रीही जाईल, पण दिसणार नाही. त्याला स्वतःचा दिवा नाही. खाली अंधार पडलेला आणि वर ४०० किलोमीटरवर अजून ऊन, असा मेळ सूर्यास्तानंतरच्या किंवा सूर्योदयाआधीच्या दीड-दोन तासांतच जमतो. म्हणून काही दिवस ते संध्याकाळी दिसतं, मग काही दिवस गायब, मग पहाटे.

ॲपमधली वेळांची यादी आठवडाभर आधी बघा, पण त्याच दिवशी पुन्हा तपासा. इतक्या उंचीवरही हवेचा अगदी विरळ अंश असतो. त्याच्या घर्षणानं स्थानक हळूहळू खाली येतं आणि अधूनमधून इंजिन पेटवून त्याला वर ढकलावं लागतं. तसं झालं की जुनी वेळ चुकते.

मग यादीतला उंचीचा, म्हणजे क्षितिजापासून किती अंश वर दिसेल तो, आकडा पाहा. सर्वाधिक उंची ४० अंशांच्या वर असेल तरच घरच्यांना वर बोलवा. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश. क्षितिजापासून मुठीवर मूठ रचत गेलं की जागा सापडते. तेजस्वितेचा आकडा उलटा वाचायचा: उणे ३ हे उणे १ पेक्षा जास्त ठळक.

जागा. यासाठी तोरणमाळ गाठायची काही गरज नाही. चांगल्या फेरीत स्थानक जवळपास शुक्राइतकं चमकतं, भर जळगावातूनही दिसतं. दिशा तेवढी मोकळी हवी. आपल्या अक्षांशावर ते नैऋत्येकडून ईशान्येकडे किंवा वायव्येकडून आग्नेयेकडे जातं. यावल-रावेरच्या पायथ्याच्या गावांत उत्तरेकडचा खालचा भाग सातपुडा झाकतो, चाळीसगावकडे दक्षिणेला डोंगर आडवे येतात. (त्याच डोंगरात पाटणादेवीजवळ १२०७ सालचा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढल्याचं त्यात नोंदलेलं आहे. आकाश बघायला याहून जुन्या घराण्याची जागा कुठे मिळणार?)

प्रत्यक्ष पाहताना पाच मिनिटं आधी दिवे घालवा, मोबाइल खिशात ठेवा आणि पश्चिमेकडे तोंड करा. न लुकलुकणारा, पांढरट-पिवळा ठिपका सरळ चालत वर येईल. लाल-हिरवं काही मिचकावत असेल तर ते विमान. सुरुवातीला ठिपका मंद असतो, कारण क्षितिजाजवळ तो हजार-दीड हजार किलोमीटर दूर असतो. डोक्यावर आला की हे अंतर जळगाव-मुंबई रेल्वेइतकंच उरतं. सगळा खेळ फार तर सहा मिनिटांचा. मध्येच तो तांबूस होऊन विझला तर ढगाला दोष देऊ नका, स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरलं. पोरं तोवर 'उना रे उना!' म्हणून ओरडून मोकळी झालेली असतात.

अंतराळवीरांना स्थानकावर नेणारं यानही दिसू शकतं. भारताचे अंतराळवीर शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ ला स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानातून निघाले आणि दुसऱ्या दिवशी स्थानकाला जोडले गेले. रशियाचं सोयूझ तर कधी तीनेक तासांतच पोचतं. जोडणीच्या आधी किंवा सुटल्यानंतर लगेच चांगली फेरी असेल, तर स्थानकाच्या पुढे किंवा मागे त्याच वाटेवर एक मंद ठिपका शोधा. एरवी यान तिथेच जोडलेलं राहतं, कारण संकटात परतायची सोय तीच. २०२४ मध्ये बोईंगचं स्टारलायनर यान बिघाडामुळे माणसांविनाच परत आणलं गेलं. त्यातून गेलेले सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर स्थानकावरच थांबले आणि मार्च २०२५ मध्ये ड्रॅगनमधून उतरले.

सराव झाला की चीनचं तियानगोंग शोधा. ते लहान आणि मंद असतं, आणि त्याची वाट अधिक पश्चिम-पूर्व आडवी. फोटोसाठी मोबाइल स्टँडवर पक्का बसवा, प्रो मोडमध्ये शटर दहा ते वीस सेकंद ठेवा आणि बटण बोटानं न दाबता टायमर लावा.